कोणी आहे का घरात
मामा स्टुलावर चढला. जाळीचं भेंडोळं खांद्यावर, ओठांत हुक. आमच्याच गॅलरीतल्या बंद कूलरच्या मागे त्यानं डोकं घातलं आणि विचारलं, "कोणी आहे का घरात?"

आतून फडफड झाली. मामा खाली उतरला, हुक तळहातावर काढले आणि जाळी परत गुंडाळायला लागला.

"अंडी आहेत," म्हणाला.

खाली बागेत घरमालक वर बघत उभा होता. "काय हो जाळीवाले, लोकांच्या गॅलऱ्या बांधत फिरता आणि स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार?"

"ओली बाळंतीण आहे, मालक. उठवता येत नाही."

"मग महिनाअखेरीपर्यंत जाळी बांधा, नाहीतर घर सोडा. मी आता तिसऱ्यांदा सांगणार नाही."

मालक तसा वाईट नव्हता. त्याची आई दिवसभर बागेत खुर्ची टाकून बसायची. तिला दम्याचा त्रास, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की कबुतरांच्या विष्ठेची धूळ छातीत जाता कामा नये. टोमॅटोच्या रोपांवर रोज पांढरा सडा पडायचा तो वेगळा. त्याचं बरोबरच होतं. तरी मला गॅलरीतली कुंडी उचलून त्याच्या पायावर सोडावीशी वाटली. मामाला कोणी असं बोललं की माझं डोकं फिरतं. शाळा पण मी अशाच डोक्यापायी नववीत सोडली. तेव्हा घरात सगळे मला उपदेश करायला बसले होते. मामा एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी शिडी धरायला ये." आता उंच शिडीवरची कामं मी करते, शिडी तो धरतो.

आमचं काम म्हणजे कबुतरं घरात येऊ नयेत म्हणून जाळ्या बांधायचं. लोक काहीही मागतात. कोणाला चिकट गोंद लावून हवा, कोणाला विषाचे दाणे. मामा सांगतो, "बाहेर काढायचंय ना? वर नाही पाठवायचं." आणि शेवटची गाठ मारायच्या आधी तो प्रत्येक कोपऱ्याला तोंड लावून विचारतो, कोणी आहे का घरात. गिऱ्हाइकं हसतात. एकदा घाईत न विचारता जाळी बंद केली होती. पिल्लू आत राहिलं आणि आई बाहेरून जाळीवर धडका मारत बसली. मामानं सगळी जाळी कापली, पुन्हा स्वतःच्या पदरची बांधून दिली.

पिल्लं असली की ती उडेपर्यंत थांबायचं. अंडी त्याच दिवशी घातलेली असली तर तो ती काढून पिशवीतली प्लास्टरची ठेवतो. नुसती काढून घेतली तर मादी तिथंच परत घालते. प्लास्टरवर बसते, बसते, काही फुटत नाही, मग कंटाळून आपल्या पायानं निघून जाते.

घोडं अडलं होतं ते मामीपाशी. मामीचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत तिला बोलायला कबुतरंच. एकीचं नाव लंगडी, एक हवालदार, आणि ही कूलरमागची सूनबाई. मालकानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच तिनं दाणे टाकायचं बंद केलं. पण जाळीचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

"अहो, सूनबाईंचं होऊ दे," ती म्हणायची. "मग काय बांधायचं ते बांधा."

"होऊ दे," मामा म्हणायचा.

महिना संपत आला. पिल्लाचा पत्ता नाही. मालक येता-जाता वर बघायचा, नुसता खाकरायचा. एका सकाळी सूनबाई पाणी प्यायला उडाली तशी मी स्टुलावर चढले आणि एक अंडं उचललं. जड. बुडाला पॉलिश पेपरचे ओरखडे. आमच्याच पिशवीतलं.

मी आत जाऊन मामीसमोर धरलं. "हे काय आहे?"

मामीनं एकदा अंड्याकडे पाहिलं, एकदा मोरीच्या दाराकडे. मामा आत अंघोळ करत होता. "जागेवर ठेव. आणि मामाला काही बोलू नको."

मी समजले. सूनबाई बसूनच राहावी आणि जाळी टळावी म्हणून मामीनं मामाच्याच पिशवीत हात घातला होता. घर जायची वेळ आलीय आणि ही मामाला त्याच्याच नियमात अडकवतेय. मला राग आला, पण मामी पण माझीच. अंडं ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात सूनबाई उठली ती परत आली नाही. मामा दोन दिवस थांबला. मग स्टुलावर चढला, मी खालून तार ताणून धरली. जाळी तिन्ही बाजूंनी बसली. शेवटच्या कोपऱ्यात येऊन त्यानं विचारलं, "कोणी आहे का घरात?"

"मी आहे," मामी आतून म्हणाली.

मामाचा हात थांबला. "तू तर पाहिजेसच," म्हणाला आणि गाठ मारली.

आता कबुतरं समोरच्या टाकीवर बसतात. मामी जाळीमागे खुर्ची टाकते. लंगडी तिला चालीवरून ओळखू येते. मालक टोमॅटो पाठवतो, मी ते खाते, पण त्याच्याशी बोलत नाही.

वर्षभरानं जुनी पिशवी उसवताना त्यातलं एक अंडं गडगडत मामीच्या पायाशी गेलं. मी म्हटलं, "मामी, तू भारी चोर आहेस हं. मामाला महिनाभर फसवलंस."

"मी कशाला हात लावू त्याच्या पिशवीला?" मामी म्हणाली. "ती त्यानंच ठेवली, अंडी दिसली त्याच दिवशी. तुला खाली मालकाकडे पाठवलं होतं ना, तेव्हा. त्याला वाटलं मी झोपलेय. ठेवायच्या आधी दोन्ही मुठीत धरून गरम करत उभा होता."