गुत्तेदारकाकांचं हेलिकॉप्टर आणि आईची म्हैस

शेजाऱ्यांकडे हेलिकॉप्टर उतरणार म्हणून आमच्या म्हशीला घर सोडावं लागणार होतं. यात मी पदरचं काही घालत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. जालन्यात अंबड रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही उपकार केल्यासारखं. शेजारचे काका रस्त्यांची गुत्तेदारी करायचे, म्हणजे कंत्राटं घ्यायचे. त्यांनी केलेल्या रस्त्यावरून जीपने एकदा गेलेला माणूस हेलिकॉप्टरचा विचार करणारच. त्यांचा बंगला बांधून झाला होता आणि वास्तुशांतीला मुंबईचे भागीदार स्वतःच्या हेलिकॉप्टरने थेट दारात उतरणार होते. परवानगी कुणी दिली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दारात म्हणजे आमच्या दोन घरांमधल्या रिकाम्या प्लॉटवर. प्लॉट काकांचा, पण चार वर्षं तिथं आमची म्हैस असायची आणि बदल्यात त्यांच्याकडे रोज तांब्याभर दूध जायचं. दादा, म्हणजे माझे वडील, शिक्षक. आम्ही शिकावं म्हणून त्यांनी घनसावंगीकडचं गाव सोडलं, शेत बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलं. आईने तेव्हा भांड्यांच्या आधी म्हैस गाडीत चढवली होती.

आठवडाभर आधी काका आले. "वहिनी, म्हैस गावाकडं धाडून द्या आता, कायमची. मोठी मोठी माणसं येऊन राह्यली. शेण बरं दिसतं का?"

"भाऊजी, म्हैस आधी आली. तुमचं हेलिकॉप्टर मागून," आई म्हणाली.

पण जागा त्यांची होती, आणि चारचाकीतून उतरलेल्या माणसाचं म्हणणं दादांना नेहमीच पटायचं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी म्हैस गावी जाणार असं ठरलं. तोवर ती आमच्या पोर्चमध्ये आणि दादांची स्कूटर फाटकाबाहेर. आई आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मला मात्र, खरं सांगते, बरंच वाटलं होतं. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की मला त्या शेणाची लाज वाटायची.

वास्तुशांतीच्या दिवशी धूळ उडू नये म्हणून प्लॉटवर दोन टँकर पाणी ओतलं. कॉलनीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन बघत राहिल्या. नव्या घरात पहिलं पाऊल गायीचं पडावं म्हणून खेड्यातून वासरासकट गाय आणली होती. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, थाट नवरीचा. गाय आणि पाहुणे एकाच मुहूर्तावर आत न्यायचे, ही अक्कल काकांची.

हेलिकॉप्टर उतरलं तसा मांडव अर्धा उडाला. गुरुजींचं उपरणं विजेच्या तारेवर जाऊन बसलं. गायीने दावं तोडलं आणि वासरू घेऊन ती थेट आमच्या पोर्चमध्ये शिरली, म्हशीच्या आडोशाला. म्हैस शांतपणे रवंथ करत होती. दादांची स्कूटर रोज वीस किका खाऊन सुरू व्हायची. त्या आवाजापुढे हेलिकॉप्टरचं म्हशीला काय कौतुक!

चौघांनी ओढलं, गूळ दाखवला, गाय हलेना. पाहुण्यांचा चकचकीत बूट शेणात गेला. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

"वहिनी, जल्दी कायतरी करा," काका काकुळतीला आले.

"म्हैस पुढं चालली तर गाय मागं येईल. एकटी बिलकुल यायची न्हाई."

"म्हैस? अहो, यमाचं वाहन!" गुरुजी ओरडले.

"ते रेडा असतंय, गुरुजी."

मुहूर्ताची पाच मिनिटं उरली होती. त्यामुळे पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावरून सगळ्यांत पुढे आमची म्हैस चालली, मागे गाय, मागे वासरू, आणि सगळ्यांत शेवटी हेलिकॉप्टरवाले. बँडवाल्यांना कुणी थांबवलंच नाही. उंबऱ्याशी आईने म्हैस बाजूला वळवली आणि गाय मुकाट्याने आत गेली. मी हसून हसून भिंतीला टेकले.

संध्याकाळी काका बुंदी घेऊन आले. "राहू द्या वहिनी म्हैस. बांधा प्लॉटवरच." आईने मान हलवली आणि बादली घेऊन धार काढायला बसली.

मी जवळ गेले. "जिंकलीस की! पण आई, एवढं काय अडलं होतं? गावात मोकळी तरी राहिली असती ती."

आईचे हात थांबले. "तुम्ही सगळ्यांनी ठरवलं अन् ही निघाली. हिला कुणी इचारलं?"

"म्हशीला काय विचारायचं?"

"मंग मला तरी कुणी इचारलं होतं का, गाव सोडताना?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि पुन्हा धार काढायला लागली.

चार वर्षांत मीही विचारलं नव्हतं.