माझा मेहुणा, सर्व विषय

महाडपासून कशेडीच्या माथ्यापर्यंत शिकलेली माणसं पोत्यानं सापडतील, पण सगळेच्या सगळे विषय येणारा माणूस या पट्ट्यात एकच जन्मला, आणि तो माझा मेहुणा. डॉक्टरला इतिहास येत नाही, वकिलाला विज्ञान येत नाही, पुढाऱ्याला काय येतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. माझ्या मेहुण्याला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, चित्रकला, कवायत आणि सिस्टर लोकांचं नीतिशिक्षण, एवढं सगळं येतं. कुणाला वाटेल हा मोठा मास्तर असणार. नाही. पोलादपूरला मिशनची पाचवी ते आठवीची शाळा आहे, तिथे तो चौतीस वर्षं शिपाई होता. स्वतः सातवी नापास. मी चौथी पास. म्हणजे हिशोबानं मी वरचढ, कारण मी पास आणि तो नापास, आणि हे मी त्याला लग्नकार्यात चारचौघांत ऐकवत आलो.

मला लग्नात सासऱ्यानं दोन वस्तू दिल्या, एक पितळी हंडा आणि हा मेहुणा. याची आई याला जन्म देऊन गेली तेव्हा माझी बायको नऊ वर्षांची. तिचं तिसरीतून नाव काढलं आणि हे गाठोडं तिच्या कडेवर दिलं. सोळाव्या वर्षी ती माझ्या घरी आली तीसुद्धा याला बोटाला धरूनच. मांडवात भटजी म्हणाले, "अरे पोरा, आता आक्काचा हात सोड." तो कुठला सोडतोय! शेवटी सप्तपदी आम्ही तिघं चाललो. हंडा केव्हाच चेपून मोडीत गेला. मेहुणा टिकाऊ निघाला.

याची पहिली खोड अशी की जगातली कुठलीही गोष्ट कुठल्या तासाची, ते आधी ठरवायचं. आमच्या वाडीत दोन भाऊ बांधावरून कोयते घेऊन समोरासमोर उभे राहिले. बाकीचे लोक ओरडत होते, बायका रडत होत्या. हा मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांबा. तुम्ही दोघं बांध मोजताय, पण हा गणिताचा तासच नाय. हा नागरिकशास्त्राचा हाय." दोघं भाऊ असे गोंधळले की विचार करता करता त्यांचे हात खाली आले. कढी खारट झाली तर विज्ञान, पाहुणे रस्ता चुकले तर भूगोल, म्हातारी माणसं भांडायला लागली तर इतिहास. एकदा आमटी तोंडात घालून तो म्हणाला, "आक्का, हा विज्ञानाचा प्रश्न हाय, मीठ विरघळलं नाय." माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "मग तुझ्या विज्ञानाला सांग, पळी तिथंच टांगलेली हाय, ढवळून घे."

चौतीस वर्षं सकाळच्या प्रार्थनेला हात जोडून उभा राहिल्यामुळे त्याच्या तोंडात 'आमेन' बसलेलं. गणपतीत आरती संपली की सगळे 'मोरया' म्हणणार आणि हा शेवटी शांतपणे 'आमेन' म्हणणार. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी पोरांनी त्याच्याबरोबर म्हटलं. आता आमच्या वाडीत आमेन झाल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत, आणि मुंबईहून येणारे चाकरमानी विचारतात की ही जुनी पद्धत आहे का. शाळेच्या मोठ्या सिस्टर वसईकडच्या. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "देवाला दोन्ही कळतं."

आता त्याच्या विद्येत एक खोट होती, तीही सांगतो. मला झाकून बोलता येत नाही. त्याला प्रत्येक धडा येत होता, पण सुरुवात आणि शेवट. तासाची घंटा दिली की हा वर्गाच्या दाराशी उभा राहायचा, म्हणून सुरुवात ऐकायचा. तेवढ्यात आतून हुकूम यायचा: खडू आण, हजेरीपट आण, चहा सांगून ये. तास संपायच्या आधी घंटेसाठी परत यायचा, म्हणजे शेवट ऐकायचा. मधला धडा चौतीस वर्षं चहा सांगण्यात गेला. एका पावसाळ्यात कशेडीला दरड आली. ट्रकांची रांग लागलेली, आमची जीप मधे अडकलेली. हा खाली उतरून एका दगडावर चढला आणि ड्रायव्हर लोकांना म्हणाला, "ऐका. डोंगरावर पाऊस पडतो, पाणी मातीत मुरते." मग एक श्वास घेतला आणि म्हणाला, "म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत."

एक सरदारजी ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, बीच में क्या हुआ? पहाड़ नीचे कैसे आया?"

हा म्हणाला, "बीच में हम चाय लाने को गया था।"

एकच धडा त्याला सबंध येत होता. इतिहासाच्या बाई एकदा आठवीची मुलं घेऊन एसटीनं महाडला चवदार तळ्यावर गेल्या आणि धडा तिथेच पायऱ्यांवर बसून शिकवला. मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून याला बरोबर नेलं होतं. तिथे चहा नाही, खडू नाही, हजेरीपट नाही. हा शेवटच्या पायरीवर बसून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिला. पाणी सगळ्यांचं, आणि ते एवढं साधं सांगायला माणसांना तिथवर चालत जावं लागलं, मार खावा लागला. घरी आल्यावर त्यानं तो धडा माझ्या बायकोला सगळा सांगितला. भाकरी करपली तरी ती ऐकत होती.

तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या सभेत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आमच्या शाळेत सगळे विषय येणारा हा एकच माणूस." टाळ्या झाल्या. माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती, तिनं टाळी वाजवली नाही. घरी येऊन म्हणाली, "एवढं येतंय तर कागद कुठाय? सातवी नापास म्हणून दाजी तुला अजून टोचतात. बाहेरून आठवीला बस. पास झालेला बघितल्याशिवाय मी डोळे मिटायची नाय."

दोन वर्षं ती त्याच्या मागे लागली होती. शेवटी तो महाडला जाऊन फॉर्म भरून आला. पंधरा दिवसांत ती गेली. डोळे मिटून गेली, बोललेलं तिथेच ठेवून गेली. यावर मी जास्त लिहिणार नाही.

दहाव्याला नदीच्या घाटावरून परत येताना मी त्याला विचारलं, "हे कुठल्या विषयात बसतं रे?"

त्यानं ओला पंचा पिळून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "नीतिशिक्षणात येतं, दाजी. पण तो तास नेहमी गणिताच्या सरांना देतात, पोर्शन राहिला म्हणून. कुणी शिकवलंच नाय."

तेराव्याला तो फॉर्मची पावती घेऊन आला. "मी नाय बसत. आता कुणासाठी बसू?" मला गोड बोलता येत नाही. मी म्हणालो, "तुझ्यापायी तिची तिसरी राहिली. आता तुझी आठवी राहिली तर या घराची पायरी चढू नको. उद्यापासून पुस्तकं घेऊन ये."

मग सुरू झाली आमची शाळा. विद्यार्थी बासष्ट वर्षांचा, मास्तर चौथी पास. पुस्तकं सिस्टरनी दिली. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचणार, तो ऐकणार. तो म्हणायचा, "वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, म्हणून त्यांना स्वयंपोषी म्हणतात. झालं."

"झालं काय? मधलं बोल!"

"मधलं तुम्ही वाचा, दाजी."

असे मधले मधले धडे आम्ही दोघांनी उन्हाळाभर वाचले. मलाही त्या वयात कळलं की पान स्वयंपाक करतं. दिवस कसा जायचा ते कळत नसे, आणि मला त्या दिवसांत तेच हवं होतं.

परीक्षेचं केंद्र त्याच्याच शाळेत आलं. मराठी, विज्ञान, भूगोल नीट गेले. इतिहासाला तळ्याचा प्रश्न आला आणि यानं पुरवणी मागितली. राहिला गणिताचा पेपर, ज्याची आम्हाला धास्ती होती. मी बाहेर खिडकीखालच्या कट्ट्यावर बसलेलो. महाडहून आलेल्या नव्या बाई पर्यवेक्षक. अर्धा पेपर झाला असेल, तेव्हा वरंधकडचा एक जीपवाला, तोही परीक्षेलाच बसलेला, म्हणाला, "बाई, जरा पाणी मिळेल काय?"

बाईंनी शिपायासाठी दाराकडे बघितलं. आणि माझा मेहुणा उठला. पेन ठेवून इतक्या रुबाबात दाराबाहेर गेला की बाईंना वाटलं, हाच शिपाई. ट्रे आणला, ग्लास आणले, पंधरा जणांना पाणी दिलं, बाईंना दिलं, ग्लास विसळून पालथे घातले, आणि शेवटचा ग्लास भरून खिडकीशी आला. "दाजी, घ्या. ऊन हाय."

मी ओरडलो, "अरे गाढवा, तुझा पेपर!"

त्यानं ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धावत सुटला. बाई उठून उभ्या राहिल्या. "आजोबा, तुम्ही परीक्षार्थी आहात? मग जागेवरून उठलात कसे?"

"बाई, माफ करा. बाकीचं अर्धं अर्धं शिकलोय, पण पाण्याचा धडा मला पुरा येतो."

बाई काय समजल्या कोण जाणे, पण त्यांनी त्याला बसू दिलं. उरलेल्यातला अर्धा वेळ पाण्यात गेला होता. बाहेर आला तो पडलेल्या तोंडानं. "शेवटचं गणित राहिलं, दाजी."

"सुरुवात केलीस?"

"केली."

"शेवट?"

"उत्तर पाठ होतं, ते लिहिलं."

"आणि मधलं?"

"मधे पाणी."

निकालापर्यंत त्याचं जेवण तुटलं आणि माझंही. तो गणितात गेला तर मी तिच्या फोटोसमोर उभा कसा राहणार, हेच डोक्यात. मग एका सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला, "दोघेही या," एवढंच. शाळेच्या पायऱ्यांवर सिस्टर कागद घेऊन उभ्या, मागे सगळी शाळा रांगेत. त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि नमस्कारही न घेता वाचायला लागल्या. "इतिहास एक्क्याऐंशी! मराठी बासष्ट! विज्ञान अठ्ठावन्न!" प्रत्येक विषयाला पोरं ओरडत होती. गणिताशी त्या मुद्दाम थांबल्या. हा माझा दंड धरून उभा, नखं रुतली तरी सोडेना.

"गणित, अडतीस! सगळ्या विषयांत पास!"

मग जे झालं ते पोलादपूरच्या बाजारानं बघितलं. मी फुलवाल्याकडून मोठा हार उचलला, याच्या गळ्यात घातला आणि त्याला रस्त्याच्या मधोमध पुढे चालायला लावलं. मी मागून ओरडत होतो, "बाजूला व्हा, आठवी पास येतोय! मी चौथीच, हा आठवी!" एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून हात जोडले. वरंधकडचा तो जीपवाला भेटला, तोही पास. त्यानं याच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, घसा ओला होता म्हणून गणित सुटलं." बासष्ट वर्षांचा माझा मेहुणा त्या हारात पोलादपूरचा राजा दिसत होता, आणि मी आयुष्यात एवढा मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो.

महिन्यानं खरी गुणपत्रिका आली. वाडी ओटीवर जमली. सगळे म्हणाले, दाजींनी वाचायची. मी बोट ठेवून एकेक विषय, एकेक आकडा मोठ्यानं वाचला. आमेनसुद्धा झालं.

"वरची ओळ राहिली, दाजी," तो हळूच म्हणाला.

वर उमेदवाराचं नाव, आणि त्याखाली आईचं नाव असा रकाना. तिथे माझ्या बायकोचं नाव छापलेलं होतं.

"हे चुकलंय रे," मी म्हणालो. "महाडला जाऊन बदलून आणू."

"चुकलं नाय. जुन्या दाखल्यावर आईचं नावच नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं, आईचं नाव काय. मी सांगितलं."

"तिला बोलला होतास?"

"निकाल लागल्यावर दाखवणार होतो."

पंचावन्न वर्षं मी तिला 'अगो' म्हणून हाक मारली. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत, माझ्याही जिभेवर ते कधी आलं नाही. तिसरीतून काढलेलं तिचं नाव कुठल्या शाळेच्या कागदावर पुन्हा लागेल, असं तिलाही वाटलं नसेल. मी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं, "आईचे नाव, सुभद्रा."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "ऐकू नाय आलं."

मी पुन्हा वाचलं.