मागं राहणारा गडी

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, बन्सीचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. पत्र्याचं शेड, डब्यासारखा जाडजूड टीव्ही, त्याच्यापुढं लाकडी खोक्यावर बसवलेली बटणं आणि एक कूलर. त्या दुष्काळी उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी ओतायची चैन कुणाला परवडणार? कोरडाच फिरायचा बिचारा. पण वारा यायचा, आणि त्या वाऱ्यासाठी कडूबा पहिल्यांदा आत शिरला. खेळाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

कडूबा पिशोरकडचा मेंढपाळ. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं नाव कडू ठेवलं. कडू पोराला काळ तोंडात घालत नाही, असा तिचा हिशोब. हिशोब बरोबर निघाला. पोरगं जगलं, वाढलं आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत मेंढरांमागं चालत राहिलं. कन्नडच्या डोंगरापासून गोदावरीच्या काठापर्यंत कुठल्या शेतात कधी मेंढरं बसवायची, कुठला पाटील लेंडीखताच्या बदल्यात जोंधळा चांगला देतो, हे त्याला तोंडपाठ होतं. घोंगडी, काठी आणि लाल पागोटं, एवढ्यावर माणूस राजासारखा जगला. मग ओळीनं काही वर्षं पाऊस रुसला आणि सगळं मोडलं.

मुलगी अंबिका मुकुंदवाडीत राहायची, चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. नवरा ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. तिनं बापाला ओढूनच शहरात आणलं. आणलं खरं, पण माणूस आला कुठं होता? खाटेवर बसून समोरच्या माळाकडं बघत राहायचा. त्या माळावर फक्कीनं रेघा मारून प्लॉट पाडले होते, टँकरच्या पाण्यावर इमारती उठत होत्या. गावाकडं माणसाला प्यायला पाणी नाही आणि इथं विटा भिजवताहेत, याचा त्याला रागसुद्धा येईना. अंबिकाला भीती वाटायची ती त्याचीच. चिडणारा बाप तिला चालला असता.

त्यात पिशोरहून पुंजारामचे फोन. पुंजाराम म्हणजे कडूबाचा चुलतभाऊ. त्यानं वेळीच मेंढरं खानदेशात उतरवली, म्हणून त्याचा कळप बराचसा वाचला. आता त्याचे गुडघे गेले होते आणि पोरगा कंपनीत लागला होता. "कडूबा, माझी मेंढरं वाट्यानं घे. निम्मी कोकरं तुझी. मिरगाचा एक पाऊस झालाय, गवत फुटायलंय," असं तो परत परत सांगायचा. कडूबाचं उत्तर एकच. "नाय. माझ्या हातात आता जीव देऊ नको." पुढं तो फोनच घेईनासा झाला. पुंजारामनं अंबिकाला बजावलं, की अमावस्येपर्यंत वाट बघतो, मग कळप विकून टाकतो. अंबिकाला कळत होतं, की तो कळप विकला गेला तर बाप त्या खाटेवरून पुन्हा उठणार नाही.

तर असा हा माणूस बन्सीच्या कूलरपुढं जाऊन बसायला लागला. बन्सीनं हाकललं नाही. त्याचं गिऱ्हाईक तसंही आटलं होतं. पोरं मोबाईलला लागली होती. बन्सी पूर्वी कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. प्रेसनं उजव्या हाताची दोन बोटं घेतली, तेव्हा त्यानं हे दुकान टाकलं. नव्या खेळांचं नाव काढलं की तो भडकायचा.

"नया गेम मतलब नुसती सजावट, काका. अर्धा तास ष्टोरी सांगतंय, मग म्हणतंय हिकडं जा, तिकडं जा. ह्ये आमचं जुनं बघा. एक बटण उडीचं, एक गोळीचं. उजवीकडं पळायचं. बस्स."

पडद्यावर दोन ठेंगणे गडी होते, चौकोनी ठिपक्यांचे, बोटाएवढे. एकाच्या डोक्याला निळं, दुसऱ्याच्या लाल. जंगलातून पळायचं, तुटका पूल ओलांडायचा, खाणीतून उतरायचं, मग धावत्या आगगाडीच्या टपावरून जायचं आणि शेवटी किल्ल्यात म्हणे एक भला मोठा लोखंडी विंचू. वाटेत सगळीकडून शिपाई गोळ्या घालणार. एक गोळी लागली की गडी खलास, सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून.

"येक गोळीत?" कडूबानं विचारलं. कित्येक दिवसांत त्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"तीन जीव मिळत्यात. पर गोळी एकच. बसा ना काका, दोघं लागतात."

लाल डोक्याचा गडी पागोट्यावाला दिसत होता, म्हणून कडूबा बसला. बसला आणि लगेच मेला. पुन्हा मेला. काठी धरून घट्ट झालेले तळहात त्या बटणांवर असे आपटायचे, की बन्सीला खोक्याची काळजी वाटायची. पण चारदोन दिवसांत एक गोष्ट कडूबाच्या ध्यानात आली आणि तो पुढं सरकून बसला.

"बन्सी, त्यो शिपाई काल बी त्याच झाडामागून निघाला व्हता."

"रोज तिथूनच निघतो. बीस साल झाले, तिथूनच निघतोय."

"रोज?"

"रोज. ह्ये गेम बेईमानी करत नाय, काका. मेलात तर चूक तुमची. शिकलात तर वाट तुमची."

गेल्या काही वर्षांत कडूबाला ज्यानं मारलं होतं ते कुठून आलं हे कुणी सांगू शकत नव्हतं. आभाळ भरून यायचं आणि निघून जायचं. ओळखीची विहीर अचानक कोरडी निघायची. इथं मारणारा ठरल्या जागेवरून मारत होता, ही गोष्ट त्याला इतकी सभ्यपणाची वाटली की तो रोज यायला लागला. आता हसू नका. बोटाएवढ्या बाहुल्यांच्या गोळीबारात एका म्हाताऱ्याला न्याय दिसला, तर आपलं काय जातं?

खोट एकच होती. कडूबा पुढं जायचाच नाही. दोघांचा खेळ असेल तर मागचा गडी हलल्याशिवाय पडदा सरकत नाही. निळा गडी पडद्याच्या उजव्या कडेला टेकून उड्या मारतोय आणि लाल गडी डाव्या कडेला, मान मागं वळवून, शांत उभा. निळ्यावर गोळ्यांचा पाऊस, आणि बन्सीचा संताप.

"काका, आगे आओ! तुमच्यापायी पडदा अडलाय!"

"मी मागंच बरा."

"मागं काय ठिवलंय? काय नाय मागं!"

"जाणत्यानं मागं ऱ्हावं. लांडगा मागून येतो. पिल्लू मागं पडतंय."

"इथं कुठं पिल्लू, काका? चला ना पुढं!" असं म्हणून बन्सीनं त्याचा हात धरून बटण दाबलं. कडूबानं हात हिसडून घेतला, काठी उचलली आणि तो निघून गेला.

दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, कूलरपुढं बसला आणि पडद्याकडं बघतच बोलला. शेवटची मेंढरं विकली तो दिवस. खाटकाचा टेम्पो आला होता. मेंढरं फळीवरून चढेनात. मारलं, ओढलं, तरी चढेनात. मग टेम्पोवाला म्हणाला, तू आधी चढ. कडूबा चढला. जन्मभर कळपाच्या मागं चाललेला माणूस त्या एका दिवशी पुढं झाला, आणि सगळी मेंढरं त्याच्या मागं निमूट चढली. त्याच्यावर विश्वास ठेवून चढली. तो खाली उतरला, फळी ओढली गेली आणि टेम्पो निघून गेला.

"एक बी वरडलं नाय रं," कडूबा म्हणाला.

बन्सी उठला, गिरणीजवळच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला. चहा संपल्यावर खोकं पुढं सरकवत म्हणाला, "राहा मागं. तुम्ही मागंच राहा, काका. मी हळू चालतो."

आणि बघा गंमत. त्या दिवसापासून खेळ पुढं जायला लागला. कारण आगगाडीच्या टपावर शिपाई मागूनही येतात. बन्सी वीस वर्षं तिथंच मरत आला होता. पुढं गोळ्या घालता घालता झटकन मागं वळणं त्याच्या उरलेल्या बोटांना जमायचं नाही. आता मागं कडूबा होता. माणूस मुळी मागंच बघत उभा. टपावर चढलेला एक शिपाई त्याच्या नजरेतून सुटेना. निळा पुढची वाट मोकळी करायचा, लाल पाठ राखायचा, आणि दोघं सावकाश, अगदी मेंढरांच्या चालीनं, आगगाडी ओलांडून किल्ल्याच्या दारात गेले. बन्सी इतका हरखला की त्यानं गिरणीवाल्या मुक्ताबाईला हाका मारून बोलावून आणलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पीठभरल्या हातांनी तिनं टाळ्या वाजवल्या.

अमावस्या तोंडावर आली. अंबिकाची त्या दिवशी सुट्टी होती. पुंजारामचा सकाळीच फोन येऊन गेला होता. व्यापारी कळप बघायला येणार म्हणाला. ते तिनं बापाच्या कानावर घातलं होतं. दुपारी भाकरी झाल्यावर ती बापाला हाक मारायला दुकानापाशी आली. आत डोकावून बघते तर बन्सी उभा राहून ओरडतोय, मुक्ताबाई स्टुलावर बसलीय आणि बाप पडद्याला नाक लावायच्या बेतात. ती दारातच थांबली.

किल्ल्याच्या आतल्या जिन्यावर बन्सीचा शेवटचा जीव गेला होता. निळा गडी दोनदा लुकलुकला आणि नाहीसा झाला. लाल गडी जिन्याखाली एकटा उभा राहिला.

"आता तुम्हीच, काका," बन्सी म्हणाला. "मी नाय आता. पुढं बी तुम्हीच, मागं बी तुम्हीच."

कडूबाचा लाल गडी मागं वळून उभा होता. मागं जिना, त्याच्यामागं काळा पडदा. कुणी येत नव्हतं. बटणावरचा अंगठा त्याला दिसत होता, आणि तो अंगठा हलत नव्हता. मग तो हलला. लाल गडी वळला, जिना चढला, पहिली गोळी चुकवली, दुसरीवरून उडी मारली. दार उघडलं. अख्खा पडदा भरून लोखंडी विंचू नांगी उगारून उभा होता. वीस वर्षांत बन्सीनं तो एकदाही पाहिला नव्हता.

"मारा! डोळ्यात मारा!"

कडूबानं उडी मारली, गोळी सोडली. विंचवाचा एक डोळा फुटला. त्यानं परत उडी मारली, आणि लाईट गेली.

त्या उन्हाळ्यात लाईट जाणं नवीन नव्हतं. धरणात पाणी नाही तर वीज कुठली, असं सगळे म्हणायचे. पण या क्षणी जावी? टीव्हीवरचा उजेड आकसून एक ठिपका झाला आणि तोही विझला. जुन्या खेळाला आठवण नसते. लाईट आली तरी जंगलापासूनच सुरुवात. बन्सी मटकन खाली बसला आणि वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

कोणीतरी हसत होतं. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं, पोट धरून. आपणच हसतोय हे कडूबाला जरा उशिरा कळलं. अंबिकाला तर ते हसू ओळखूच आलं नाही. तिला वाटलं बापाला काहीतरी झालं. ती धावत पुढं आली.

"आबा! काय झालं?"

"मेलो की!" डोळे पुसत कडूबा म्हणाला. "एवढं केलं, आन्‌ मेलो! परत पैल्यापासनं!" आणि पुन्हा हसायला लागला. मग मुक्ताबाई हसली, आणि शिव्या देता देता बन्सीसुद्धा.

घराकडं जाताना दोघं बाप-लेक प्लॉटांच्या कडेनं चालत होती. घर आल्यावर तो खाटेवर बसला नाही.

"पुंजारामला फोन लाव."

अंबिकाकडून नंबर दोनदा चुकला. पलीकडून पुंजारामनं हॅलो म्हटलं, तेव्हा कडूबानं फोन कानाला लावला.

"पुंज्या, त्या व्यापाऱ्याला माघारी पाठीव. मेंढरं मी घेतो." पलीकडं पुंजाराम काहीतरी भराभरा बोलत सुटला. कडूबानं त्याला थांबवलं. "आयक आधी. काही मरतील त्यातली. सगळी काय जगायची नाय माझ्या हातून, म्हाईत हाय मला. तरी घेतो."

पुंजारामनं विचारलं, "कवा येतूस?"

"भाकर खातो आन्‌ निघतो," कडूबा म्हणाला, आणि अंबिकाकडं बघून त्यानं ताट मागितलं.