शीनाने आणलेला कोळसा

शनिवारी दहाला जुने पाहुणे बाहेर, चारला नवे आत. मधल्या सहा तासांत बर्नहेडचं शेतघर पुन्हा कोरं करायचं, हे काम एल्स्पेथबाई रेनी सहा वर्षं करत होत्या. चादरी बदलायच्या, शेगडी पुसायची, फ्रीजमध्ये दूध-अंडी ठेवायची. पुढे पाहुण्यांनी आपलं आपण रांधून खायचं.

घर त्यांचंच. याच घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या. नवरा आर्ची गेल्यावर मुलगा मर्डो म्हणाला, "आई, मेंढ्यांवर भागत नाही. पाच-सहा वर्षं घर सुट्टीवाल्यांना देऊ. तोवर तू उताराखालच्या त्या दोन खोल्यांत राहा, मग परत वर." घर त्याच्या नावावर करायच्या कागदांवर बाईंनी सही केली. पोटच्या पोराचा कागद कोण चष्मा लावून वाचतं?

येत्या वसंतात ती मुदत संपत होती. माडीवरच्या खोलीसाठी त्यांनी पडद्याचं कापडही आणून ठेवलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी एडिंबराची शीना साडेतीनलाच आली. ती आणि तिचा नवरा चौथ्यांदा येत होते. नवरा गाडीतून सामान काढत होता. शीनाने उंबरा ओलांडला, वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि कोळशाचा एक खडा अलगद शेकोटीच्या कठड्यावर ठेवला. शेजारी मिठाची छोटी पिशवी.

पाहुण्यांसाठी भाजलेले स्कोन-पाव रचताना बाईंचा हात ताटावरच थांबला. पहिलं पाऊल टाकताना कोळसा-मीठ न्यायची रीत ती स्वतःच्या नव्या घरासाठी. आठवड्याच्या भाड्याच्या घरात लोक फार तर बिस्किटांचा पुडा नेतात.

"कोळसा कशाला गं?"

"आईने बजावलंय. म्हणाली, खरेदीचे कागद होण्याआधी एकदा कोळसा टेकव, नाहीतर घर तुला आपलं म्हणणार नाही." शीना हसली. "मर्डो म्हणाला, गुडघ्यांमुळे तुम्हालाच हे घर नको झालंय. खरं सांगते, तुमच्या मनाविरुद्ध असतं तर आम्ही घेतलंच नसतं."

सकाळपासून बाई चादरींचे गठ्ठे घेऊन अकरा वेळा जिना उतरल्या होत्या.

"चहा ठेवते," एवढंच त्या म्हणाल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. मर्डो त्याच्या चारचाकी बाइकवरून सरपण उतरवत होता. आईचा चेहरा बघून त्याच्या हातातला ओंडका हातातच राहिला.

"आई, सांगणारच होतो."

"कधी? मी नव्या मालकिणीच्या चादरी घालत असताना?"

"तू मनाला लावून घेतलं असतंस."

"आणि आता काय, गुदगुल्या होतायत?"

"मेंढ्यांत काही राहिलं नाही गं. तूही बघतेसच."

"बघतेय ना. तेच येऊन बोलला असतास, तर विकण्याची पाटी मीच ठोकली असती फाटकावर. पण तू माझे गुडघे पुढे केलेस, मर्डो. मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलंस."

बाई आत आल्या. काटक्या रचून त्यांनी तो खडा वर ठेवला आणि काडी ओढली. "आणलेला कोळसा गार ठेवू नये," त्या शीनाला म्हणाल्या. "घराला चांगलं नसतं." मग एप्रनच्या खिशातली जुनी किल्ली काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

मर्डो दारातच उभा होता. "सोडतो तुला, आई. अंधार पडतोय."

"चालता येतं मला. पुढच्या शनिवारी दुसरं कुणी बघ."

खाली आपल्या खोलीत आल्यावर त्यांनी दिवाही लावला नाही. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि मर्डोचं घर ओढ्यापलीकडे. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बाइकचा आवाज लाकडी पूल ओलांडून पलीकडे विरला, तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या, आणि अजून त्याच्याच वाटेकडे लागलेल्या स्वतःच्या कानांचा त्यांना राग आला.