खांद्यावरचा हात

“हनुवटी खाली. डोळे खाली न्हाई!” कॅमेऱ्यामागून स्टुडिओवाला मामा ओरडायचा, साऱ्या गावाचाच मामा. जालन्यात पासपोर्ट फोटो काढलेल्या निम्म्या माणसांना हे पाठ असेल.

मी वाटूरचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पदवीचा काळा झगा मामाच्या स्टुडिओत खुंटीला असायचा. हातात धरायला गुंडाळलेला कोरा कागद. त्या झग्यातला माझा फोटो त्यानंच काढला. तेव्हापासून मी ‘बी.ए.’ झालो. “काय बी.ए., नोकरी लागली का नुसता हिंडून राह्यलास?” पुढे त्याच्या समोरच मी कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

एका दुपारी शटर अर्धं ओढून त्यानं मला बिस्किटांचे पत्र्याचे डबे दाखवले. आत चाळीस वर्षांचे फोटो आणि निगेटिव्ह. प्रत्येकात दोन पुरुष. कापसाच्या जिनिंगमधले, बँकेतले, रिक्षावाले, कॉलेजातले, बेलबॉटमवाल्यांपासून मोबाइलवाल्यांपर्यंत. स्टुडिओचेच नवरदेवाचे फेटे दोघांना बांधून, पडद्यामागं काढलेले.

“समलिंगी,” मी शिकलेला शब्द टाकला.

“तो तुझ्या पुस्तकात ठेव. ही जोडपी हायेत. लोक म्हणतात, जालन्यात असं कुणी न्हाई. बघ मंग!”

एका फोटोत तो स्वतः होता, तरुण. शेजारी मंठ्याच्या शाळेतले एक मास्तर. एकमेकांच्या खांद्यावर हात.

आपल्याकडे माणूस गेला की घरचे त्याचा एखादा फोटो घेऊन स्टुडिओत जातात. तुम्हीही गेला असाल. त्यातून त्याला एकट्याला वेगळं काढायचं, मोठं करायचं, हार घालायला. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मामाकडे हाच फोटो आणला. “बाबांचा एवढाच चांगला हाये. बाजूचे दोस्त काढून टाका.” दोस्त समोरच उभा होता, पोराला ओळखू आला नाही.

मामानं ब्रशनं स्वतःला पुसलं. शेवटी मास्तरांच्या खांद्यावरचा आपला हात उरला.

“तेवढा हात काढायला दोन दिवस लागले, बी.ए.,” तो म्हणाला. “माझं असं करू नको. मी गेल्यावर डबे तू ने. आन् आमचा फोटो हाय तसा लाव.”

मी शब्द दिला.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेला. डबे मागायला मी गेलो नाही. मागितले तर लोक म्हणतील, हाही त्यातलाच. खरं तेच लिहितो. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याचा पुतण्या दुकानात आला. हातात तोच फोटो.

“डबे?” मी विचारलं.

“जाळले. काय काय घाण निघाली, भाऊ! ह्यो तेवढा ठेवला. साऱ्या गावाचे फोटो काढले काकानं, स्वतःचा दुसरा न्हाई. बाजूचा माणूस उडवा. जल्दी करा, उद्या तेरावं हाये.”

दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी फोटो स्कॅनरवर ठेवला. आधी मास्तरांना काढलं. मग मामाच्या खांद्यावरची त्यांची बोटं, एकेक करून.

“इथं सदरा चुरगळल्यावानी दिसतो बघा,” पुतण्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. मास्तरांनी घट्ट धरलं होतं तिथल्या चुण्या. मी त्याही काढल्या.

तेराव्याला मीही हार घातला. मामाचे डोळे समोर होते, माझे खाली.

आता मंठ्यात एका भिंतीवर मास्तर एकटे आहेत, जालन्यात एका भिंतीवर मामा एकटा. दोघांच्या डोक्याला सारखेच फेटे.