फोटोतला पुसलेला डाग

गेल्या आठवड्यात पुण्याच्या स्टुडिओतून निगेटिव्हची काच आणि फोटो आला, आणि माझे दोन दिवस वाईट गेले...

आधीचं सांगते. भुकूमला खोलीमागच्या अंगणात मी दुर्बीण लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा मनात होतं, शेजारच्या दीर्घिकेतल्या एका ढगाचा फोटो घ्यायचा. त्या ढगात नवे तारे जन्माला येतात. दिसतो मात्र जेमतेम एका पुसट ठिपक्याएवढा, म्हणून कॅमेऱ्यातली निगेटिव्हची काच तासभर उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ आसपास उजेड चालत नाही.

अडचण होती ती शेजारच्या खळ्याची. झोडलेल्या भाताच्या राखणीला सोनाबाई आणि त्यांचे यजमान शेकोटी करून बसतात. कारण सांगून मी संकोचतच विचारलं.

"तासभर इझवायची? थंडी बघताय न्हवं बाई?" सोनाबाई म्हणाल्या. मग यजमानांकडे वळल्या. "इझवा वो. वर चांदण्या बाळंत व्हायल्यात, त्यास्नी उजेड नगं!"

दोघं घोंगडीत गुरफटून बसले. मी दुर्बिणीला डोळा लावून, आकाश सरकेल तसं तिचं चाक हळूहळू फिरवत, एक तारा मधोमध धरून ठेवला. फोटो आला की दाखवीन, असं कबूल केलं होतं...

आणि फोटोत तो ढगच नव्हता.

तारे गोल, स्वच्छ आले होते, म्हणजे हात हलला नव्हता. नकाशाशी ताडून पाहिलं, जागाही बरोबर. मग इतके दिवस दुर्बिणीतून मला दिसत होतं ते काय? दिसावं असं वाटत होतं म्हणून दिसलं? सोनाबाईंना काय तोंड दाखवू, म्हणून दोन दिवस मागचं दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सहज काच खिडकीशी धरली... आणि अगदी त्याच जागी एक काळसर, विस्कटलेला ठिपका! निगेटिव्हवर उजेड काळाच उमटतो.

एस.टी. धरून स्टुडिओत गेले. मालक खुशीत होते. "सगळे ठिपके छान होते हो बाई, एकच मळकट डाग राहिला होता. धूळ असणार. लग्नाच्या फोटोत करतो तसा प्रिंटवर ब्रशने रंगवून टाकला. नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा आम्ही ठेवत नाही!"

कसला फोटो आहे, हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. दुसरी प्रिंट मागितली, धुळीसकट.

काल ती खळ्यावर नेली. सोनाबाईंनी बोट ठेवलं. "ह्यो? एवढ्यासाठी आमी गारठलो व्हय?" पण फोटो काही परत देईनात. यजमानांना हाक मारली, "आवं, हिकडं या. आपल्या शेकोटीचं काय झालं, बगा."

काच पहिल्यापासून माझ्या टेबलावरच होती. शंका घ्यायला मात्र मला आधी माझेच डोळे सापडले.