दोंडाईच्याचे पाणी

दोंडाईचा स्टेशनवर मे महिन्यात एक आबा पितळी झारी घेऊन गाडीला फुकट पाणी पाजतात. नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वी गाडी थांबली की गजांतून तांब्यांची झुंबड उडायची. परवा मात्र प्रत्येक खिडकीत विकतची बाटली होती. आबा शेवटच्या डब्यापर्यंत आले, तरी झारी भरलेलीच. मी माझी बाटली पिशवीत कोंबली, तहानेने कासावीस झाल्याचा चेहरा केला आणि फलाटावर उतरून ओंजळ धरली. आबांनी कोपर उंचावून धार सोडली. एक थेंब सांडला नाही. शिट्टी झाली तसे ते हळूच म्हणाले, “भाऊ, बाटली दिसनी माले. पन पाणी गोड शे ना?”

म्हणजे बाटली कोंबताना त्यांनी मला पाहिलं होतं. पाणी मात्र गोडच होतं. जळगावपर्यंत मी बाटली उघडली नाही.